चहातले थेंब

मी एक जुना तापचान आहे. मला पलंग म्हणाल, तर मी पलंग नाही. ओटा म्हणाल, तर ओटाही नाही. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली उभा असलेला, तीन बाजूंना कठडा असलेला, आठ-दहा माणसं मांडी घालून बसतील असा ऐसपैस लाकडी चौथरा म्हणजे मी. आमच्या इस्फारा गावात ज्या घराला अंगण आहे, त्या घरात माझा एखादा भाऊबंद असतोच. बर्फ वितळलं की माणसं घराबाहेर येतात आणि पुन्हा थंडी पडेपर्यंत त्यांचा सगळा संसार आमच्या पाठीवर चालतो. जेवण माझ्यावर, चहा माझ्यावर, दुपारची डुलकी माझ्यावर, सोयरिकीची बोलणी माझ्यावर आणि भांडणंही माझ्यावरच. म्हणून छातीठोकपणे सांगतो मित्रांनो, या घराबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं भिंतींनाही नाही. भिंती नुसत्या ऐकतात. मी माणसांचं वजन पेललं आहे.

मला उस्तो नबी नावाच्या सुताराने घडवलं. पाय तुतीच्या लाकडाचे आणि फळ्या पॉपलरच्या. तुतीचं लाकूड चिवट, त्याला वाळवी लागत नाही. घरधनी अशूर याचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. पाण्याचा पाट अंगणातून वाहतो, त्या पाटावरच मला उभं करायचं, म्हणजे खालून गारवा येईल, असा त्याचा हट्ट होता. म्हणून मी इतर तापचानांपेक्षा चांगलाच उंच झालो. मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या अंगणातला तापचान माझ्यापुढे खुजा दिसायचा.

मग लग्न होऊन सनोबर घरात आली. ती गाद्या आणि दुलया शिवणारी होती. आमच्याकडे मुलीच्या लग्नात गाद्यांची चळत द्यावी लागते. ती चळत पाहूनच सासरचे लोक सुनेचं माहेर जोखतात. सनोबरच्या हातची गादी असली की चळतीकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. ती माझ्यावर कापूस पसरायची, दोन बारीक काठ्यांनी झोडपून झोडपून तो पिंजायची, रेशमी कापड अंथरायची आणि गुडघ्यांवर सरकत सरकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके घालत जायची. तिच्या कितीतरी सुया माझ्या फटींत पडल्या. मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे शिकायला यायच्या आणि रडत घरी जायच्या, कारण सनोबरची जीभ तिच्या सुईपेक्षा तीक्ष्ण होती. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच मुली पुन्हा यायच्या.

पाहुणे म्हणायचे, "सनोबर, तुझ्या तापचानावर बसलं की उठावंसंच वाटत नाही."

"मग बसा की. उठून तरी काय दिवे लावणार आहात?" ती म्हणायची आणि आणखी एक चहाची किटली पुढे सरकवायची.

असे माझे उमेदीचे दिवस गेले. अशूर म्हातारा होऊन वारला. मोठी मुलगी नोदिरा लग्न होऊन लांब पंजाकेंतला गेली. मुलगा दिलोवर इस्फारा ते खुजंद बस चालवू लागला. त्याची बायको मसरुरा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सासू-सुनेची बोलाचाली रोजचीच. सनोबर म्हणायची, "केलिन, तुझा पुलाव आणि पाटातला गाळ यांत फरक एवढाच, की गाळ मऊ असतो." केलिन म्हणजे सून. मसरुरा हसून ताट पुढे करायची आणि सनोबर ते चाटूनपुसून संपवायची.

पुढे सनोबर विसरू लागली. आधी सुया विसरली, मग चहात मीठ टाकू लागली, मग अशूरच्या जेवणाला उशीर का झाला म्हणून फाटकाकडे बघत बसू लागली. डॉक्टरांनी सांगितलं की हा मेंदू झिजण्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार. घराने ते पचवलं. मसरुरा तिला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि अशूरची चौकशी झाली की "येतीलच एवढ्यात" म्हणायची. विसरण्याचा त्रास घराला झाला नाही, असं नाही. पण तो निभत होता.

न निभणारी गोष्ट सुरू झाली ती एका वर्षी बर्फ वितळल्यावर. दिवस कलला की सनोबर ओरडू लागे. मसरुरा तिला काखेत हात घालून माझ्यावर चढवायची, की ती किंचाळायची, तिचे हात ओरबाडायची. "मारते ही! मारते मला!" असं म्हणायची. भिंतीपलीकडे शेजार. ऐकणारे ऐकायचे. शाळेत मसरुराला कुणी विचारलं की हातावर हे काय, तर ती सांगायची, मांजराने बोचकारलं. घरात मांजर नव्हतं.

त्यातच दिलोवरच्या मुलीचं, मोहिराचं लग्न ठरलं. लग्नाच्या गाद्या, सनोबरने हात चालत होते तेव्हाच शिवून ठेवलेल्या, ऊन द्यायला माझ्यावर पसरल्या होत्या. संध्याकाळी बघतात तर सनोबरने दोन गाद्यांची शिवण उसवून सगळा कापूस अंगणभर केला होता. मोहिरा रडली. दिलोवरने माझ्या कठड्यावर मूठ आपटली ती मला आजही आठवते. वरपक्षाच्या मंडळींसमोर आईने असं काही केलं तर काय, ही चिंता त्याला खात होती.

तो दवाखान्यात गेला. डॉक्टर होमिदोव म्हातारे आणि भले गृहस्थ, पण त्यांच्या दाराशी रांग अशी, की मान वर करायला फुरसत नाही. आईला बरोबर नेण्याची सोय नव्हती, म्हणून दिलोवरने तोंडीच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी थेंबांचं औषध लिहून दिलं. अगदी थोडं, लग्नाची धामधूम आहे तेवढ्यापुरतं. लग्न पार पडलं की बंद करा आणि त्यांना एकदा माझ्याकडे आणा, असंही बजावलं. दिलोवरने यातलं औषधाचं तेवढं नीट ऐकलं.

सनोबर गोळी दिली तर थुंकून टाकायची. थेंबांना मात्र ना रंग होता, ना चव. ते चहात टाकायचं ठरलं. पहिल्या दिवशी मसरुरा माझ्या कडेवर बसली, वाटीत चहा ओतला, बाटली तिरकी धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. शेवटी थेंब पडले. सनोबरने वाटी तोंडाला लावली, चहा प्यायली आणि म्हणाली, "केलिन, आज चहा चांगला जमलाय."

मसरुरा उठून आत गेली. सनोबरने तिच्या चहाला चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

लग्न थाटात झालं. कर्नाय, म्हणजे लांबलचक पितळी तुताऱ्या, वाजले, मोठमोठ्या कढयांत पुलाव शिजला, आणि सनोबर नवी रेशमी ओढणी घेऊन माझ्यावर मधोमध बसून राहिली. ओरडली नाही, उठली नाही. वराकडच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, आजी किती शांत आहे, अगदी देवमाणूस. दिलोवरच्या जिवात जीव आला.

मग लग्नाचे मांडव उतरले आणि बाटली मात्र राहिली. ज्या औषधाने घराला आराम पडतो, ते थांबवायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी कुणाला दोष देत नाही, मित्रांनो. मसरुरा बऱ्याच दिवसांनी रात्रभर झोपली होती. तिच्या हातावरचे ओरखडे भरून आले होते. त्या सुखाची किंमत काय, हे तिला दिसत नव्हतं.

मला मात्र जाणवत होतं. पहिल्यांदा सनोबरच्या पायात थरथर आली. ती माझ्यावर बसली की तिची टाच फळीवर टकटक करत राहायची. तिला एका जागी बसवत नसे आणि उठून चालतही नसे. शेजारच्या बनफ्शा खालाने, म्हणजे बनफ्शा मावशीने, ते पाहिलं. ती मनाने वाईट नव्हती, फक्त सल्ला द्यायची सवय. "अगं, थेंब कमी पडतायत," ती म्हणाली. "माझ्या धन्याला आम्ही याच्या दुप्पट द्यायचो. कोकरासारखा पडून असायचा." दिलोवरने थेंब वाढवले. थेंबांनी पाय थरथरत होता आणि पाय थरथरतो म्हणून थेंब वाढत होते. घरात हे कुणाला उमगलं नाही.

काही दिवसांत टकटक थांबली. सगळंच थांबलं. पूर्वी सनोबर माझ्यावर बसली की घडीघडी हलायची, या कुशीवरची त्या कुशीवर व्हायची, कापडाच्या काठाशी चाळा करायची. आता तिला सकाळी बसवलं की दुपारपर्यंत तिचं वजन एकाच फळीवर असायचं, पोतं ठेवल्यासारखं. तोंडातून लाळ गळायची. चेहऱ्यावर माशी बसली तर हात वर जायचा नाही. घास तोंडात तसाच राहायचा. मसरुरा तिच्या गळ्यावरून बोट फिरवून गिळायला लावायची आणि दर घासाला ती खोकायची. घरचे आधी माझ्या दुसऱ्या टोकाला जेवू लागले, मग घरात जेवू लागले. माझ्यावर जेवणाचा दस्तरखान अंथरणं बंद झालं. माझ्या फळ्यांवर जर्दाळूची पानं पडून राहायची आणि त्यांच्यामध्ये सनोबर. आयुष्यभर गर्दी पाहिलेल्या माझ्यासारख्याला ती शांतता जड गेली.

जर्दाळू वाळवायच्या दिवसांत नोदिरा माहेरी आली. फाटकातून आत येताच तिने आईला हाक मारली. सनोबरने मान वळवली नाही. नोदिरा माझ्यावर येऊन बसली, आईचा हात हातात घेतला आणि तो हात तिला लाकडासारखा लागला.

"काय केलंत तुम्ही हिचं?" ती म्हणाली.

मसरुरा टोपली खाली ठेवून उभी राहिली. "आजार वाढलाय, आपा. असाच वाढतो म्हणतात."

"आजार वाढला की तुमची सोय वाढली? गप्प बसली म्हणजे बरं, होय ना? बोलती आई नकोशी झाली होती तुम्हाला."

मसरुरा एरवी उलट बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी बोलली. "आपा, ती बोलत होती तेव्हा तुम्ही कुठे होता? मी रोज मार खात होते. अख्खा मोहल्ला म्हणत होता, सून सासूला मारते. तुम्ही तिकडून फोन करायच्या, आईला फोन दे म्हणायच्या, गोड बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. तिचं अंग मी धुतलंय. गोड बोलायला मलाही येतं, पण माझे हात भरलेले असतात."

नोदिराने तोंड फिरवलं. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोदिराने ठरवलं की आईला चालती करायची. दिलोवर बस घेऊन गेला होता. मसरुरा आत पीठ मळत होती. "चल आयाजान, मी आहे ना," असं म्हणत नोदिराने आईला माझ्या कडेवर आणून उभं केलं. मी उंच. सनोबरचे पाय जमिनीला टेकले, पण उचलेनात, खिळे ठोकल्यासारखे. वरचं अंग तेवढं पुढे गेलं. पडताना माणूस हात पुढे करतो, मित्रांनो. लहान मूलसुद्धा करतं. सनोबरचे हात जागचे हलले नाहीत. ती तशीच तोंडावर पडली आणि पाटाच्या दगडावर तिचं कपाळ आपटलं. पाणी लाल झालं.

नोदिरा तिला उराशी धरून बसली. मसरुरा पिठाच्या हातांनीच धावत दवाखान्यात गेली आणि डॉक्टर होमिदोव यांना त्यांच्या जुन्या गाडीतून घेऊन आली. डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले. सनोबरने हूं की चूं केलं नाही. ते पाहूनच डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तिचा कोपर हळूच वाकवून पाहिला. हात सरळ वाकेना, दातेरी चाक फिरावं तसा अडखळत अडखळत वाकला.

"हिला काय देताय?" त्यांनी विचारलं.

मसरुराने बाटली आणली. तोवर दिलोवरही येऊन पोचला होता. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, किती देता ते विचारलं आणि ऐकून माझ्यावर मटकन बसले.

"मी हे लग्नापुरतं लिहिलं होतं."

"डॉक्टर, पण गुण येत होता," दिलोवर म्हणाला.

"कुणाला?"

दिलोवरने बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. या थेंबांनी विसरण्याचा आजार बरा होत नाही. एखाद्याला भयंकर भास होत असतील, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल आणि दुसरा काही उपाय चालत नसेल, तर मीसुद्धा देतो, ते म्हणाले. पण थोडे, थोडे दिवस, आणि डोळ्यांत तेल घालून. मेंदू झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे औषध फार लवकर आवळतं. अंग ताठतं, तोल जातो, घास श्वासनलिकेत जातो, पक्षाघाताचा झटकाही येऊ शकतो. पण आता घाबरून एकदम तोडू नका, मी सांगतो तसे पायरीपायरीने कमी करू. मीही न तपासता लिहायला नको होतं, असं ते म्हणाले, आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला.

"मला आधी हे सांगा, ती ओरडत कशासाठी होती?"

"आजारामुळे," दिलोवर आणि नोदिरा एकदमच म्हणाले. भावंडांचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

"आजारामुळे तिला सांगता येत नाही, हे मान्य. पण सांगायचं काय होतं?" डॉक्टर मसरुराकडे वळले. "सांज तुम्ही काढलीय हिच्याबरोबर. नेमकी कधी ओरडायची?"

मसरुरा आठवू लागली. सकाळी नाही. जेवताना नाही. न्हाताना कधी कधी. तापचानावर चढवताना हमखास. झोपवताना, कूस बदलताना. दिवसभर बसून राहिली की संध्याकाळी जास्त.

"मला दाखवा, तुम्ही तिला कसं बसवता."

मसरुराने सनोबरच्या काखेत हात घातले आणि नेहमीसारखं तिला वर घेतलं. सनोबर माझ्यावर टेकली, आणि टेकताना सगळा भार उजव्या हातावर आणि उजव्या कुल्ल्यावर टाकून तिरकी झाली. बर्फ वितळल्यापासून ती अशीच बसत होती. माझी उजवीकडची फळी किंचित दबलीही होती. डॉक्टरांनी ते पाहिलं. ते तिच्या मागे गेले आणि पाठीच्या कण्यावरून एकेक मणका दाबत बोट खाली आणू लागले. एका जागी बोट आलं आणि सनोबर किंचाळली.

कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज होता.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "हे सांगत होती ती."

मोठ्या दवाखान्यात नेऊन पाठीचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की पाठीचा एक मणका चेपून गेला आहे, आणि तो आजच्या पडण्याने नव्हे, बराच आधी. मग मसरुराला आठवलं. हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून सनोबर घसरून बसली होती. आपली आपणच उठली होती, कुणाला तरी शिव्या देत आत आली होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. नंतर ती स्वतः ते विसरली. पाठ मात्र विसरली नव्हती.

मसरुरा त्या संध्याकाळी माझ्या कडेवर बसून डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "म्हणजे ती म्हणायची, मी मारते, ते..."

"तुम्ही मारत नव्हता. आणि तिला मार लागल्यासारखंच दुखत होतं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही खरं."

दुखण्यावर साध्या गोळ्या सुरू झाल्या, वेळच्या वेळी. डॉक्टरांची ताकीद होती की आता लपवून काही द्यायचं नाही. मसरुरा गोळी कुस्करून मधात घालायची आणि म्हणायची, "आयाजान, ही पाठीची गोळी." कधी सनोबर घ्यायची, कधी चमचा ढकलून द्यायची. ढकलला तर मसरुरा थोड्या वेळाने पुन्हा यायची. थेंब कमी होत गेले.

आणि माझं काय झालं ते ऐका. बसायची जागा बुटकी हवी, पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं डॉक्टर सांगून गेले होते. दिलोवरने शेजाऱ्यांच्या मदतीने मला पाटावरून उचलून सपाट जमिनीवर आणलं आणि करवत घेऊन माझे पाय कापायला बसला. त्याने एक पाय कापला तो जास्त कापला. मी डुगडुगू लागलो. मग दुसरा कापला तो त्याहून जास्त. नोदिरा म्हणाली, "तू बसच चालव रे बाबा. असाच कापत राहिलास तर उद्या आईला सतरंजीवर बसवावं लागेल." किती दिवसांनी त्या अंगणात भाऊ-बहीण हसली. शेवटी मी स्थिर उभा राहिलो, पण शेजारच्या तापचानापेक्षा बुटका झालो. वाईट वाटलं का? करवत कुणालाच आवडत नाही, मित्रांनो. पण दुसऱ्या दिवशी सनोबर कुणी न उचलता, कठडा धरून, आपली आपण माझ्यावर बसली आणि ओरडली नाही. उंचीचं मग मला काही वाटलं नाही.

तरी सगळं एका रात्रीत सरळ झालं असं समजू नका. थेंब कमी झाले तसा सनोबरचा आवाज परत आला, आणि त्याबरोबर संध्याकाळची भीतीही. आजार तर होताच. नोदिरा पंजाकेंतला परत गेली होती. एका संध्याकाळी सनोबरने चहाची वाटी भिरकावली, आपल्या आईला हाका मारत ती फाटक हलवू लागली, आणि समजूत घालायला गेलेल्या मसरुराच्या तोंडावर थुंकली. मसरुराने तोंड पुसलं. आत गेली आणि बाटली घेऊन आली. त्या दिवशीचे थेंब सकाळीच देऊन झाले होते. तिने नवी वाटी भरली, बाटलीचं झाकण उघडलं.

दिलोवर नुकताच कामावरून येऊन दारात उभा होता. बायकोच्या हातात बाटली त्याने पाहिली. पूर्वी तो म्हणाला असता, टाक. आता त्याने तिच्या हातून बाटली घेतली, झाकण लावलं आणि म्हणाला, "तू आत जा. पड जरा. आज मी बसतो."

"तुम्हाला जमायचं नाही."

"नाही जमलं तर हाक मारीन."

तो फाटकापाशी गेला. सनोबरने त्याला ओळखलं नाही.

"कोण रे तू?"

"ड्रायव्हर आहे, खाला. बस घेऊन आलोय."

"मग गाडी का थांबलीय?"

"एक प्रवासी यायचाय."

"लोकांना ताटकळत ठेवतोस आणि वर तोंड करून सांगतोस?" सनोबर चिडली. "कोण आहे तो एवढा मोठा?"

"तुम्हीच. तुमच्याचसाठी थांबलोय. बसून घ्या, मग निघू."

तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, ओढणी सावरली आणि त्याचा हात धरून माझ्यावर येऊन बसली. दिलोवर तिच्या शेजारी बसला. ती बाहेर बघत होती, गाडी चालू असल्यासारखी. मध्येच म्हणाली, "सावकाश चालव. खड्डे फार आहेत." तो म्हणाला, "हो." थोड्या वेळाने तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. बस चालवणाऱ्या माणसाने आपल्या आईची संध्याकाळ पहिल्यांदाच पाहिली होती. पुढे त्याने सकाळच्या फेऱ्या मागून घेतल्या. दिवस कलायच्या आत तो घरी येऊ लागला. मसरुराला संध्याकाळी शेजारी जाऊन बसायला, पाय पसरायला वेळ मिळू लागला. थेंबांची बाटली काही आठवड्यांनी डॉक्टरांनी स्वतः येऊन नेली.

पानं पिवळी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मसरुरा माझ्यावर बसून फाटलेल्या दुलईला ठिगळ लावत होती. सनोबर शेजारी वाळलेला जर्दाळू चघळत होती. आता तिचा घास अडकत नव्हता. तिने मान वाकडी करून मसरुराच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई, तुम्ही कुणाच्या कोण?" तिने विचारलं.

"मी मसरुरा, आयाजान. तुमची सून."

"हे टाके आहेत की कोंबडी चालून गेलीय?"

मसरुराने सुई खाली ठेवली. तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग रडतही होती. "दाखवा ना मग तुम्हीच," ती म्हणाली आणि सुई पुढे केली. सनोबरने सुई घेतली. टाके काही सरळ पडले नाहीत. दोघींचेही पडले नाहीत. पण अंधार होईपर्यंत दोघी मान खाली घालून शिवत होत्या, आणि त्यांच्या हलण्याने माझ्या सगळ्या फळ्या हलत होत्या.

सनोबर त्यानंतर आणखी काही वर्षं जगली. तिने घरातल्या कुणाचंच नाव पुन्हा कधी नीट घेतलं नाही. संध्याकाळी कधी भ्यायची, कधी रागवायची. पण ती चालत होती, चघळत होती, टोमणे मारत होती. शेवटच्या उन्हाळ्यात माझ्यावरच, पुलावाच्या वासात, दोन्ही मुलं आणि सून जवळ असताना तिने डोळे मिटले. त्या जाण्यात गडबड नव्हती.

बनफ्शा खाला हल्ली कुणाला सल्ला देताना म्हणते, "थेंब राहू देत, आधी पाठ दाबून बघा." प्रत्येकाचं दुखणं पाठीतच असतं असं तिला वाटतं. असो. पूर्वीपेक्षा बरा सल्ला आहे.

आता मीही म्हातारा झालो आहे. जुनं लाकूड कुरकुर करतं. कुणी बसलं की करतं, कुणी उठलं की करतं. वैतागलेला माणूस वर जाड गालिचा टाकतो, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. समजूतदार माणूस वाकून खाली बघतो की कोणता खिळा सुटलाय. मसरुरा वाकून बघते, म्हणून मी अजून उभा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी आजी, कुणी आजोबा असतील. ते विनाकारण ओरडतात असं वाटलं, तर आधी त्यांच्या शेजारी बसा. कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, काय शोधताय, हे विचारा. सांगता येत नसेल तर बघा, कसे बसतात, कसे उठतात, कधी कण्हतात. औषध लागलं तर डॉक्टरांना माणूस दाखवून घ्या, देताना सांगून द्या, आणि ते कधी थांबवायचं हेही त्याच दिवशी विचारून ठेवा. आणि जी एकटी हे सगळं करत असेल, तिच्या हातून एक संध्याकाळ तरी आपल्या हातात घ्या.

मी लाकूड आहे. मला फक्त वजन कळतं. तुम्ही तर माणसं आहात. तुम्हाला विचारता येतं.